भुऱ्याचा गाडा: पुढचे पाय नसलेल्या पिल्लासाठी दोन चाकांची गाडी, प्रकल्प नोंदी (कोल्हापूर, २०२४)

१४ जानेवारी

भुऱ्या, देशी कुत्र्याचं नर पिल्लू. पक्के सुळे नुकतेच फुटतायत, म्हणजे वय पाच महिन्यांच्या आसपास. वजन ७.८ किलो. पुढचे दोन्ही पाय जन्मापासून नाहीत. एक्स-रेत दोन्ही खवाटे (खांद्याची चपटी हाडं) आहेत, दंडाचं हाड एकाही बाजूला नाही. कण्याचे मणके पूर्ण घडलेले दिसले. हे आधी पाहून घेणं आवश्यक होतं. गर्भात एक अवयव घडायचा राहिला असेल तर आतही काही अपुरं असू शकतं, आणि मणका अर्धवट असेल तर गाड्याचा भार कुठे द्यायचा हा हिशेबच बदलतो. डॉक्टरांनी हृदयही तपासलं.

सध्या छाती जमिनीला टेकवून मागच्या पायांनी ढकलत पुढे सरकतो. छातीच्या हाडावर ३ बाय २ सेंमीचा केस झडलेला, जाड झालेला चट्टा आहे. अजून फाटलेला नाही.

मापं घेताना भुऱ्याला उचलून धरायचं नाही. हातात धरलेलं पिल्लू कणा वाकवतं आणि सगळी मापं चुकतात. छातीखालून रुंद टॉवेल घेतला, त्याची दोन्ही टोकं वर एकत्र बांधून सामान तोलायच्या स्प्रिंगकाट्याला अडकवली, मागचे पाय जमिनीवर ठेवले आणि कणा आडवा होईपर्यंत काटा वर घेतला. मावशी समोर खाऊ धरून उभ्या होत्या, त्यामुळे मान सरळ राहिली. त्याच स्थितीत मापं: छातीचा घेर श्वास सोडल्यावर ४४ सेंमी, घेतल्यावर ४५.५. मानेच्या मुळाशी २९. छातीची खोली १६, रुंदी ११.५. छातीच्या हाडापासून जमीन २१. छातीच्या हाडाची लांबी १५.

आता खरं कामाचं माप. टॉवेल मागच्या पंजांपासून ३२ सेंमी पुढे होता आणि काट्यावर ४.६ किलो आले. पाच वेळा वाचून सरासरी घेतली. ३२ गुणिले ४.६ भागिले ७.८, म्हणजे गुरुत्वमध्य मागच्या पंजांच्या साधारण १९ सेंमी पुढे. हा एक आकडा हातात असला की ॲक्सल (चाकांचा आस) कुठे ठेवल्यावर मागच्या पायांवर किती भार येईल हे कागदावरच काढता येतं. पिल्लू वाढतं तसा हा आकडा सरकतो, म्हणून गाडा चढवण्याआधी माप पुन्हा घ्यायचं.

२१ जानेवारी

आराखड्याची बैठक. कृत्रिम पाय का नकोत, हा प्रश्न पहिल्यांदा निकाली काढला. २०१४ मध्ये अमेरिकेत डर्बी नावाच्या कुत्र्याला थ्रीडी प्रिंटरवर घडवलेले पुढचे पाय बसवले गेले, त्याचं उदाहरण सगळेच देतात. पण डर्बीला पुढचे पाय अपुरे का होईना, होते. कृत्रिम पायाची वाटी चढवायला काहीतरी होतं. भुऱ्याला दंडच नाही.

दुसरा प्रश्न फेथवरून आला. २००२ साली जन्मलेली ही कुत्री मागच्या दोन पायांवर माणसासारखी उभी चालायची. तिला ते जमलं, पण आम्ही तसं शिकवणार नाही. कुत्र्याचा कणा आडवा तोलण्यासाठी घडलेला आहे. दिवसभर उभं चालताना कंबर, खुबे आणि गुडघे यांच्यावर सगळं वजन येतं, आणि हे पिल्लू अजून वाढतंय.

ठरलं ते असं: छातीखाली पन्हळ (छाती टेकवायचा खोलगट आधार), तिच्या दोन्ही बाजूंना आडवे दांडे, त्यांतून खाली उतरणारे दोन खांब, खांबांच्या टोकाला स्थिर चाकं. सगळीकडे फिरणारी कॅस्टर चाकं मुख्य चाकं म्हणून नकोत. ढकलणारे पाय मागे आहेत. पुढची चाकंही मोकळी फिरत असतील तर उताराच्या रस्त्यावर गाडा आडवा घसरत जातो आणि पिल्लाला तो धरून ठेवता येत नाही. स्थिर चाकांवर वळायचं असेल तर ते कंबर बाजूला टाकून वळतं. ते कुत्रे लवकर शिकतात.

२८ जानेवारी

पन्हळ. छातीभोवती स्वयंपाकघरातली प्लॅस्टिकची पातळ फिल्म गुंडाळली, वर प्लास्टर बँडेजचे चार थर. सात-आठ मिनिटांत घट्ट होतं, थोडं गरम लागतं, पिल्लू घाबरलं नाही. कात्रीने कापून काढलं, आत प्लास्टर ओतून छातीचा ठसा तयार.

मोल्ड करण्याआधी ठशावर १० मिमी फोम चिकटवून घ्यायचा. हे विसरलं की पन्हळ अंगाला नेमकी बसते आणि मग गादीला जागाच उरत नाही. आमची पहिली पन्हळ अशीच वाया गेली.

साहित्य: सांडपाण्याचा ११० मिमी पीव्हीसी पाईप, १८ सेंमीचा तुकडा, लांबीने चिरून २० सेंमी रुंदीची पट्टी. उकळत्या पाण्यात दोन ते तीन मिनिटं ठेवली की ती कणकेसारखी वळते. जाड हातमोजे घालून ठशावर दाबून धरायची, वरून गार पाणी. हीटगन वापरली नाही, कारण तिच्याने एकाच जागी पीव्हीसी करपतं आणि त्याचा धूर फुप्फुसांना वाईट. कडा कानशीने गोल केल्या, पुढची कड बाहेर वळवली. ती गळ्याला टोचता कामा नये.

मागची कड शेवटच्या बरगडीच्या दोन बोटं अलीकडे थांबवली. नर कुत्र्याचं लघवीचं तोंड पोटाखाली पुढे असतं. पन्हळ किंवा पट्टा तिथवर गेला की ती जागा ओली राहते आणि आठवड्यात कातडी सोलवटते.

४ फेब्रुवारी

सांगाडा. शिवाजी उद्यमनगरातून ॲल्युमिनियमचे पाईप आणले: १६ मिमी बाहेरचा, दीड मिमी जाडीचा, आणि त्यात सरकणारा साडेबारा मिमीचा. दोन्हींत दर १० मिमीवर ५ मिमीची भोकं. खांबांची उंची याने बदलता येते. आडव्या दांड्यांवरही तशीच भोकं, त्यामुळे चाकं पुढे-मागे सरकवता येतात. वाढत्या पिल्लासाठी हे सरकणं हाच गाड्याचा प्राण आहे. पक्क्या मापाचा सुबक गाडा दीड महिन्यात भंगारात जातो.

जोड सगळे नटबोल्टचे. वेल्डरने आर्गॉन मारून देतो म्हटलं, पण या ॲल्युमिनियमला आधी उष्णतेने कडकपणा दिलेला असतो आणि वेल्डिंगजवळची जागा पुन्हा मऊ पडते. दर पावलाला हिसके बसणाऱ्या सांगाड्यात ती नेमकी तिथेच मोडते. वाकवताना पाईपमध्ये कोरडी वाळू ठासली, दोन्ही टोकांना लाकडी बुचं, आणि वाक पाईपच्या व्यासाच्या चौपटीपेक्षा आवळ केला नाही. तरी एक पाईप चिरला.

चाकं २०० मिमी व्यासाची, ईव्हीए फोमच्या (रबरासारख्या भरीव फोमच्या) टायरची, पंक्चरचा प्रश्न नाही. प्रत्येकात ६०८ क्रमांकाची दोन बेअरिंग, ८ मिमीचा बोल्ट, नायलॉक नट (आत प्लॅस्टिकची कडी असलेला, आपोआप सैल न होणारा). दोन बेअरिंगच्या मध्ये लेथवर कापलेली नळी घातली, तिची लांबी बेअरिंगमधल्या अंतरापेक्षा केसभर जास्त. ही नळी नसली की नट आवळताच बेअरिंगच्या आतल्या कड्या एकमेकींकडे दाबल्या जातात आणि चाक जड फिरतं. मग लोक नट सैल ठेवतात आणि चाक डुगडुगतं. नळी घातली की नट पूर्ण आवळूनही चाक बोटाने गरगर फिरतं.

गाड्याचं वजन १.४ किलो.

११ फेब्रुवारी

आठवडाभर फक्त पन्हळ आणि पट्टे चढवले, चाकं नाहीत. दिवसातून तीनदा, जेवणाच्या वेळी, पाच-पाच मिनिटं. पन्हळ दिसली की खाणं येतं, एवढंच त्याच्या डोक्यात बसायला हवं.

पट्टे पाठीवरून दोन आणि गळ्यासमोर एक. काखेच्या जागी बकल येऊ द्यायचं नाही. तिथे पाय नसला तरी खवाटा हलतो आणि कातडीची घडी पडते. पट्टा बांधल्यावर दोन बोटं सहज जावीत, आणि तेही श्वास घेतलेला असताना. मापांतला दीड सेंमीचा फरक यासाठीच नोंदवून ठेवला होता.

१८ फेब्रुवारी

नवं माप: वजन ९.१ किलो. टॉवेल ३४ सेंमीवर, काट्यावर ५.३. गुरुत्वमध्य पंजांच्या १९.८ सेंमी पुढे.

चार पायांवर उभ्या कुत्र्याचा साधारण ६० टक्के भार पुढे आणि ४० टक्के मागे असतो. तेच गाठायचं तर ॲक्सल १९.८ भागिले ०.६, म्हणजे ३३ सेंमीवर. तिथे बसवून भुऱ्याला पहिल्यांदा चाकांवर ठेवलं.

सुमारे अर्धा मिनिट नुसता उभा. कान मागे. मग पुढे ठेवलेल्या उकडलेल्या अंड्याकडे एक उडी, दुसरी उडी, आणि तिसऱ्या उडीला शहाबादी फरशीच्या सांध्यात चाक अडलं नि नाक जमिनीवर. लागलं नाही. पण पुढच्या पाच मिनिटांत तेच आणखी दोनदा झालं.

कारण स्पष्ट आहे. नवशिकं पिल्लू मागचे दोन्ही पाय एकदम झाडतं. कंबर वर उडते, सगळं शरीर ॲक्सलभोवती पुढे फिरतं, आणि त्याच क्षणी चाक अडलं तर सावरायला पुढे काहीच नसतं.

२० फेब्रुवारी

घाबरून ॲक्सल पुढे नेलं, ४० सेंमीवर. नाक आपटणं थांबलं. पण भुऱ्या दहा पावलं टाकून बसतो, पुन्हा दहा पावलं, पुन्हा बसतो. मावशींना वाटलं कंटाळला. आम्ही काटे आणले.

पद्धत: एका सपाट काट्यावर मागचे दोन्ही पाय, चाकांखाली काट्याच्याच उंचीच्या फळ्या. उंची एक नसेल तर आकडे खोटे. मान सरळ, पाच वाचनं. मागच्या पायांवर ४.६ किलो, म्हणजे निम्म्याहून थोडा जास्तच भार. हिशेबानेही एवढाच यायला हवा होता. ज्या पायांनी आजवर उभं वजन पेललेलंच नाही, त्यांना हा भार दमवणारा आहे. पिल्लू आळशी नव्हतं.

ही चूक सगळीकडे दिसते. गाडा पुढे कलंडतो म्हणून चाकं पुढे नेतात, गाडा शांत उभा राहतो, सगळे खूश होतात, आणि सहा महिन्यांनी कुत्र्याची कंबर दुखायला लागते. चाकांची जागा डोळ्याने ठरवू नये. काट्यावर चढवून ठरवावी.

२५ फेब्रुवारी

ॲक्सल ३५ सेंमीवर आणलं, आणि पुढे १२ सेंमीवर एक छोटं कॅस्टर जोडलं. चाक ५० मिमीचं, जमिनीपासून १५ मिमी वर तरंगतं. एरवी ते कशालाच टेकत नाही. नाक सुमारे सात अंश खाली गेलं की टेकतं आणि तोल धरतं. जमिनीला टेकलेलं ठेवलं तर तेच तिसरं चाक बनतं, वळताना ओढतं आणि काट्यावरचा सगळा हिशेब बिघडवतं.

काट्यावर: मागे ३.९५ किलो, ४३ टक्के. भुऱ्या आज न बसता अंगण ओलांडून गेला, पेरूच्या झाडापर्यंत, आणि झाडाला नाक लावून बराच वेळ हुंगत उभा राहिला. आजवर त्याचं नाक जमिनीपासून चार बोटांच्या वर कधी गेलं नव्हतं.

३ मार्च

ऑफिसच्या गुळगुळीत टाईल्सवर पाय घसरतात. अंगणात नाही. यावरून मागच्या भाराबद्दल आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची. पुढची चाकं नुसती वाहतात, गाडा पुढे जातो तो मागच्या पंजांच्या पकडीवर, आणि पकड त्या पंजांवरच्या भाराच्या प्रमाणात मिळते. म्हणून मागचा भार ३० टक्क्यांवर आणून पायांना आराम देऊ, हेही चालत नाही. पंजे फिरतील, गाडा जागचा हलणार नाही.

उंबऱ्याचा हिशेब यावरूनच. २० मिमीचा उंबरा उभ्याने चढायला २०० मिमीच्या चाकांना त्यांच्यावरच्या भाराच्या पाऊणपट ढकल लागते, १५० मिमीच्या चाकांना जवळपास भाराएवढी. इथे चाकांवर गाड्यासकट ६.६ किलो आहेत, म्हणजे पाच किलोंची ढकल. पंजांवर चार किलोही भार नाही, त्यामुळे खरखरीत फरशीवरही अडीच किलोंच्या आसपासच ढकल मिळते. जागेवरून तो उंबरा चढणारच नाही. वेग घेऊन चढतो, किंवा तिरका जाऊन एकेक चाक चढवतो. दाराशी प्लायवूडचा उतार लावला, ६० सेंमी लांब. आत टाईल्सवर रबरी पट्टे टाकले. पंज्यांच्या गाद्यांमधले केस कापले, नखं कापली. या कापाकापीनेच निम्मी घसरण थांबली.

१० मार्च

पळताना वळणावर उजवीकडे उलटला. चाकांमधलं अंतर ३० सेंमी होतं. आम्ही हिशेब चाकांच्या रुंदीवर केला होता आणि तो चुकला. गाडा उलटतो तो चाक आणि त्याच बाजूचा मागचा पंजा यांना जोडणाऱ्या रेषेवर. पंजे जवळजवळ असतात, त्यामुळे गुरुत्वमध्याखाली खरी अर्धी रुंदी १५ नाही, पावणेअकरा सेंमीच भरते. चाकं ३६ सेंमीवर नेली तर ती साडेबारा होते आणि उलटण्याचा कोन २२ वरून २५ अंशांवर जातो. चाकांना खालून बाहेर सहा अंशांचा कल दिला. त्याहून रुंद केलं तर दोन खाटांमधून जाताना अडकेल.

१९ मार्च

छातीच्या हाडाच्या पुढच्या टोकाशी लाली. गाडा काढल्यावर पंधरा-वीस मिनिटांत जाणारी लाली चालते. ही अर्ध्या तासानंतरही होती. गाडा बंद, दोन दिवस.

पन्हळीवर काळं कापड ताणून त्यावर खडूची भुकटी भुरभुरवली, भुऱ्याला पाच मिनिटं उभं केलं आणि उचललं. भुकटी मधल्या अरुंद पट्ट्यात पुसली गेली होती, दोन्ही बाजूंना जशीच्या तशी. सगळा भार हाडाच्या धारेवर. कुत्र्याची छाती होडीच्या तळासारखी मध्ये टोकदार असते. तिथे ५.२ किलो जेमतेम २० चौरस सेंमीवर येत होते, दर चौरस सेंमीला २६० ग्रॅम.

योगा मॅटचा मऊ फोम काढला. मऊ फोमने धार सुटते असं वाटतं, पण तो दबून पातळ होतो आणि धार परत तळाला लागते. त्याऐवजी कडक ईव्हीएच्या दोन पट्ट्या, प्रत्येकी १३ बाय ४ सेंमी, मध्ये २२ मिमीची मोकळी सरी. हाड सरीत राहतं, भार दोन्ही बाजूंच्या छातीच्या स्नायूंवर. आता १०४ चौरस सेंमी, म्हणजे दर चौरस सेंमीला ५० ग्रॅम. पुन्हा खडू: दोन्ही पट्ट्यांवर सारखा पुसला गेला, सरीत भुकटी शाबूत.

२ एप्रिल

वजन ११.३. खांब तीन भोकं वर. ॲक्सलची जागा पुन्हा काट्यावर ठरवली. दर पंधरा दिवसांनी हे करायचंच, एकदा चुकलं आणि आठवडाभर तो नाक खाली करून चालत राहिला. मांडीचा घेर २२ वरून २५ सेंमी. बाजूने मोबाईलवर चित्रीकरण करतो. सुरुवातीला दोन्ही पाय एकदम पडायचे, आता संथ चालीत डावा-उजवा आलटून पालटून पडतो. पळताना अजून उड्याच. पाठीला कुबड येत नाही ना, एवढं दर चित्रणात पाहायचं. कुबड आली तर गाडा बुटका आहे किंवा मागे भार जास्त आहे. पाठ खोलगट दिसली तर गाडा उंच.

वेळ: दिवसातून तीनदा, प्रत्येकी वीस मिनिटं. गाड्यात त्याला आडवं पडता येत नाही, म्हणून थकला की काढायचा, आणि गाडा घातलेला असताना एकटं सोडायचं नाही, अगदी पाच मिनिटांसाठीही.

१४ एप्रिल

पीव्हीसी पन्हळ उन्हात तापते आणि कडेला घासते. चप्पल करणाऱ्या मामांकडे विचारलं. बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेलं म्हशीचं कातडं, चार मिमी जाड. वीस मिनिटं पाण्यात भिजवून छातीच्या ठशावर बांधून सावलीत वाळवलं. वाळल्यावर तोच आकार धरून बसलं, कडा मऊ, हवा खेळती. भार पेलायला खालून ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या. मामा म्हणाले, "पाऊस लागला की ह्याला तेल पाजावं लागतंय, न्हाईतर लाकूड हुतंय." हातात घेतल्यावर इतकी चांगली पन्हळ आम्ही आजवर केलेली नव्हती. भुऱ्याने चढवताना अंगही आकसलं नाही.

१२ मे

ऊन. गाडा सकाळी साडेसातच्या आत आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर. पळताना छाती झाकलेली आणि धाप लागलेली, उष्माघाताला वेळ लागत नाही. थ्रीडी प्रिंटरवर काढलेले पीएलएचे क्लँप उन्हात उभ्या गाडीत राहिले आणि वाकले. हे प्लॅस्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. पीईटीजीमध्ये पुन्हा काढले, ते ८० अंशांपर्यंत तग धरतात.

२० जून

पावसाने कातडी पन्हळ हरली. तेल पाजलं तरी रोज भिजून रोज वाळत नाही, आतून पांढरी बुरशी, आणि वाळली तर कड पत्र्यासारखी. दमट कातडं अंगाला लावून ठेवणं म्हणजे फोडांना आमंत्रण. पावसाळ्यापुरती पीव्हीसी, वर पाणी न शोषणारा ईव्हीए आणि जाळीचं कापड, दोन खोळी आलटून पालटून. कातडी पन्हळ ऑक्टोबरनंतर परत काढायची.

नायलॉनचे पट्टेही बदलले. नायलॉन भिजलं की ताणतं, सकाळी दोन बोटांचा पट्टा दुपारी चार बोटांचा होतो आणि छाती पन्हळीत खाली घसरते. पॉलिएस्टरचे २५ मिमी पट्टे आणले, ते भिजून फारसे ताणत नाहीत.

३० जून

चाकं कुरकुरतायत. बेअरिंग पत्र्याच्या झाकणाचे होते. लाल मुरमाची बारीक माती आणि पाणी आत गेलं, तीन आठवड्यांत गंज. दोन्ही बाजूंना रबरी सील असलेले घातले. पाण्याच्या पाईपचा फवारा थेट चाकाच्या मध्यावर मारू नये, ओल्या फडक्याने पुसावं. नायलॉक नट एकदा काढला की नवाच घालायचा. जुन्याची प्लॅस्टिक कडी पकड सोडते.

७ जुलै

रस्त्याकडेच्या गटाराच्या जाळीत पुढचं कॅस्टर अडकलं. जाळीची फट २५ मिमी, कॅस्टरचं चाक २० मिमी रुंद. भुऱ्या वेगात होता, गाडा जागीच थांबला, गळ्यासमोरच्या पट्ट्यावर सगळा हिसका आला. खोकला येत राहिला, डॉक्टरांनी तपासलं, श्वासनलिका ठीक. ही चूक आराखड्याची होती. आता कॅस्टरला ४५ मिमी रुंदीचं चाक आणि गळ्यासमोरचा पट्टा २५ ऐवजी ५० मिमी, खाली छातीच्या हाडाच्या टोकावर बसणारा, श्वासनलिकेपासून खाली. फिरवणाऱ्यांना सांगितलंय: जाळी दिसली की वळसा घ्यायचा.

२१ जुलै

शी करायला बसताना पूर्वी अडखळायचा. आडव्या दांड्यांची मागची टोकं शेवटच्या बरगडीच्याही मागे गेली होती, मांड्या त्यांना अडत. पाच सेंमी कापली, टोकांना रबरी टोप्या. आता कंबर पूर्ण खाली जाते. मागच्या पायाने कान खाजवताना मात्र अजून डोलतो, त्याला रुंद चाकांनीही पूर्ण उपाय नाही, म्हणून गोचिडांचं औषध वेळेवर. जेवणाची ताटली १८ सेंमी उंच स्टुलावर ठेवतो, गाडा काढून छातीखाली उशी देतो.

छातीवरचा जुना चट्टा मऊ झालाय, कडेने केस परत उगवलेत.

४ ऑगस्ट

भुऱ्या १३.४ किलो. गेल्या दोन मापांत उंची बदलली नाही. मागचा भार ४१ टक्के.

आज नवी मादी आली, अंदाजे चार महिन्यांची, ५.१ किलो. दोन्ही पुढच्या पायांना कोपर आहे, पंजा आहे, पण एक्स-रेत मनगटापर्यंतच्या दोन हाडांपैकी आतलं हाड नाही, त्यामुळे पंजे आत वळलेत आणि ती मनगटांवर चालते. तिला भुऱ्याचा गाडा जसाच्या तसा चालणार नाही. हिच्या कोपरात बळ आहे, ते निकामी होऊ द्यायचं नाही. डॉक्टरांचं मत घेतलं: आधी मनगटांना गादीचे मोजे, वाढ थांबेपर्यंत गाडा फक्त लांबच्या फेरीसाठी, आणि पन्हळ अशी की पंजे जमिनीला टेकत राहतील. मागचे पंजे ते कोपर २४ सेंमी. टॉवेल-काट्याचं माप घेताना ती पुढचे पंजे टेकवून भार घेते आणि काटा कमी दाखवतो. पंजे खालून हलके उचलून एकदा, टेकवून एकदा, अशी दोन्ही मापं उद्या सकाळी, खाण्याआधी.